बैल रास एक

जनाच्या केसांत फणी मोडली. या माघातली ही दुसरी. ठकूबाईनं मोडका दात केसांतून ओढून काढला, खोबरेलाचा हात पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या सासरी सांग, शिंगाची फणी आणा म्हणून. लाकडाचं काम नाय हे."

"सासर म्हंजे हेच ना, आत्या? मग तूच आण."

"तोंड बघा पोरीचं."

पण ठकूबाईला बरं वाटलं. जना तिच्या भावाची लेक, माघ लागल्यापासून आत्याकडं राहायला आलेली. तिचा धाकटा मुलगा दामू याच्याशी जनाची सुपारी दिवाळीत फुटली होती. आज दुपारपर्यंत जनाचा बाप रामभाऊ शिरवलीहून यायचा होता आणि लग्नाची तारीख ठरायची होती. म्हणून चुलीवर दोन भाज्या होत्या, थोरली सून विमल वड्यांचं पीठ मळत होती, आणि दामूनं कशेळे–कर्जत जीपची आजची खेप दुसऱ्याच्या हाती दिली होती.

टेंभुर्ड्याच्या या घरात मामाची मुलगी करायची रीत फार जुनी. इथली पोर शिरवलीला द्यायची, तिची पोर इकडं आणायची. ठकूबाई स्वतः शिरवलीची, तिची आई टेंभुर्ड्याची, तिची सासू परत शिरवलीची. रामभाऊची बायको म्हणजे ठकूबाईची नणंद. सगळं साटंलोटं. दोन घरांत गोडी आहे, असं जुनी माणसं सांगत.

ही रीत एकदाच मोडली होती. थोरल्या चंदरनं भिसेगावची विमल केली. तो रसायनीच्या कारखान्यात लागला होता, ऐकायच्या वयातला राहिला नव्हता. विमल कामाला चांगली, बोलायला थोडी; पण तिच्या दोन्ही पोरांना हिवताप आला आणि ठकूबाईच्या मनात जी गाठ बसली ती बसलीच. कारण या घरात हिवताप कुणाला येत नसे. गाव अंथरुणाला खिळलं तरी या घरातली माणसं शेतात उभी असत. हे सोनाईचं देणं.

सोनाई म्हणजे घराण्याचा मूळपुरुष हरजी याची बायको. तिनं घराला पहिला बैल आणून दिला आणि 'माझ्या पोरांना हीव लागणार नाय' असं सांगून डोळे मिटले, अशी गोष्ट होती. तिची सनद तांब्याच्या नळीत घालून देव्हाऱ्यात ठेवली होती. दसऱ्याला नळीला हळद-कुंकू लागे. सोनाईचा नैवेद्य मात्र देव्हाऱ्यापुढं ठेवत नसत. सगळ्यांची जेवणं उरकली की शेवटी एक पान वाढून मागच्या दारी, गोठ्यात, बैलाच्या दावणीजवळ ठेवायचं. तिनं बैल आणला म्हणून तिची जागा बैलाजवळ. ठकूबाईला सासूनं हेच सांगितलं होतं आणि तिनं ते विमलला सांगितलं होतं. पोरांना पहिल्यांदा ताप आला त्या दिवशी तिनं आणखीही एक सांगितलं होतं. बाहेरची पोर आणली म्हणून सोनाई रुसली.

विमलनं नुसती पोरांच्या कपाळावरची पट्टी बदलली होती.

जनाची एक वेणी घालून झाली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते, तेवढ्यात अंगणात रामभाऊचा आवाज आला.

"आक्के, पाणी आण गं. पाय नुसते धुळीनं भरलेत."

रीत होती ती. दाराशी दगडाची पायरी, पायरीवर उभं राहून आलेल्या माणसानं पाय धुवायचे, घरच्यानं तांब्यानं पाणी घालायचं आणि मग दारातून बाजूला होऊन त्याला आत घ्यायचं. दामूनं पाणी घातलं.

"जावई पाणी घालतोय म्हंजे आमचं बरं चाललंय," रामभाऊ म्हणाला आणि पडवीत घोंगडीवर येऊन बसला. तो ठकूबाईहून चार वर्षांनी लहान. केस पांढरे झाले होते तरी डोक्यावर मेंढरासारखे गच्च कुरळे.

"तुझा वर्ग कसा चाललाय? मास्तर मारतो की नाय?" त्यानं बहिणीला विचारलं.

गेल्या पाच महिन्यांपासून मारुतीच्या देवळात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरत होता. ठकूबाई तिथं जाऊन अक्षरं गिरवत होती. जोडाक्षर आलं की अडत होती, पण एसटीवरची पाटी वाचत होती.

"तुला वाचून दाखवते की काय येतं ते," ती म्हणाली.

तारखेचं बोलणं सुरू झालं. रामभाऊला फाल्गुनातली हवी होती, दामूला त्याआधीची. बोलणं रंगात येत होतं तेव्हाच अंगणात सायकल टेकल्याचा आवाज झाला. मलेरिया खात्याचा वाल्मिक आला होता. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचा, सुई, गोळ्यांची पुडी. गेली अठरा वर्षं दर पंधरा दिवसांनी तो येई, दाराशेजारच्या भिंतीवर चौकटीत तारीख टाकी आणि कुणाला ताप आहे का विचारी. पहिल्या वर्षी त्यानं पाणी मागितलं तेव्हा ठकूबाईनं वरून ओंजळीत ओतलं होतं. त्याची माणसं छप्पन साली बौद्ध झालेली. मग विमल घरात आली आणि तिनं एक दिवस न विचारता त्याला घरच्याच कपात चहा दिला. ठकूबाईनं तो कप आठ दिवस वेगळा ठेवला, नवव्या दिवशी कुठला ते विसरली.

वाल्मिकनंच ती गोष्ट पहिल्यांदा हेरली होती. त्याच्या वहीत या घराच्या नावापुढं ताप कधीच नव्हता. होता तो फक्त विमल आणि तिच्या पोरांना. त्यानं साहेबाला सांगितलं, साहेबानं मुंबईला कळवलं, आणि सुपारीच्या वेळी दोन्ही घरं इथं जमली असताना मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आठ जणांचं रक्त नळ्यांतून नेलं. रामभाऊनं दिलं नाही. त्या दिवशी तो हात खिशात घालून बसला होता.

ठकूबाईनं त्याच वेळी आणखी एक केलं होतं, कुणालाही न सांगता. देव्हाऱ्यातली नळी वाल्मिकच्या पिशवीत घातली होती. सनद मोडीत होती. कर्जतच्या कचेरीतला एक म्हातारा कारकून मोडी वाचतो, असं वाल्मिक म्हणाला होता. 'पन्नास वर्षं हळद लावतेय. आता अक्षरं येताहेत तर काय लिवलंय ते तरी कळू दे,' असं तिच्या मनात आलं होतं.

"मावशी, दोन कागद हायत. पण पाहुणे बसलेत. मी परवा येतो," वाल्मिक अंगणातूनच म्हणाला.

"पाहुणा कुठला, माझा भाऊ तो. दे इकडं."

"एक बाईंचं पत्र हाय. आणि एक ते तुमचं. बाळबोधीत उतरवून दिलंय कारकुनानं." तो नळी आणि घडी घातलेला कागद हातातच धरून उभा होता. "हे तुमी एकट्यानं वाचा. सावकाश."

ठकूबाईला वाटलं, आपल्याला वाचता येणार नाही असं याला वाटतंय. भावापुढं तर तिला तसं वाटून घ्यायचं नव्हतंच.

"नळी तू दिलीस बाहेर?" रामभाऊ म्हणाला. "घराण्याची सनद?"

"वाचायला दिली. खायला नाय दिली." तिनं कागद ओढून घेतला, उंबऱ्याजवळ उजेडात बसली आणि बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. "ऐक आता."

विमल पिठाचे हात घेऊन माजघराच्या दारात आली. जना अर्ध्या वेणीनिशी तिच्या मागं.

"पा-व-ती. चौ-की खा-ला-पू-र." ठकूबाईनं श्वास घेतला. "कु-ण-बी-ण. कुणबीण आ-सा-मी एक. ना-व सो-नी."

रामभाऊनं मांडीवर थाप मारली. "कुणबीण. ऐकलं रं वाल्मिक? कागदावर हाय. आणि आसामी म्हंजे काय, तर खातेदार. म्हंजे जमीन तिच्या नावावर होती. पुढं वाच, आक्के."

वाल्मिक खाली सायकलच्या चाकाकडं बघत होता.

"उ-म-र अ-द-मा-से अ-क-रा. जा-त..." बोट थांबलं. ठकूबाई मागं आली, पुन्हा त्याच अक्षरावर गेली. तिला वाटलं चुकलं आपलं. "ह. ब. शी."

"हबशी?" विमल म्हणाली. "ते जंजिऱ्याचे शिद्दी असतात तसे?"

थांबायचं असतं तर ठकूबाई तिथंच थांबली असती. पण नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाचं बोट आपोआप पुढं सरकतं. ती वाचत गेली. रंग काळा. केस आखूड, कुरळे. रेवदंडा बंदराहून घाटावर नेत असतां पाय सुजोन चालवेना, सबब चौकीस ठेविली. हरजी कुणबी, मौजे टेंभुर्डे, याणें नेली. बदल बैल रास एक दिला.

कागद संपला. चुलीवर काहीतरी खदखदत होतं.

"बैल दिला," दामू म्हणाला. "सोनाईनं बैल दिला, असंच ना?"

"नाय दादा," वाल्मिक म्हणाला. "हरजीनं दिला. तिच्या बदल्यात."

"आणि कुणबीण म्हंजे?" रामभाऊचा आवाज उतरला होता. "कुणब्याची बाईच ना?"

"मी पण तेच समजलो होतो. कारकून हसला. म्हणाला, त्या काळच्या कागदात कुणबीण म्हंजे विकत घेतलेली बाई. राबवायला. बटीक म्हणायचे तीच. हरजीपुढं कुणबी लिवलंय ती त्याची जात. सोनीपुढं कुणबीण लिवलंय ती तिची गत. आणि आसामी म्हंजे नुसतं माणूस. बैल मोजताना रास, माणूस मोजताना आसामी."

ठकूबाईनं कागद मांडीवर पालथा घातला. पन्नास वर्षं तिनं नळीला हळद लावली होती. लग्नात, बारशात, भांडणात सांगितलं होतं, आमच्या घराला सनद आहे. ती सनद नव्हती. ती पोहोच होती, बैल पोहोचल्याची.

रामभाऊ घोंगडीवरून उठला.

"पत्रात काय हाय?" ठकूबाईनं विचारलं. "डॉक्टरीणबाईंच्या."

"आता पत्र कशाला?" रामभाऊ म्हणाला.

"रक्त माझं नेलंय. मला ऐकू दे."

वाल्मिकनं पत्र उघडलं. वाचलं मात्र नाही. पाठ झाल्यासारखं सांगू लागला. "रक्ताचे गट असतात. ए, बी, ओ, ते माहीत असतात. तसा आणखी एक हाय. डफी."

"काय?"

"डफी. विलायतेतल्या एका रोग्याचं नाव. त्याच्या रक्तात पहिल्यांदा सापडला."

"त्याच्या नावाचा डफ वाजतोय आमच्या रक्तात," दामू म्हणाला. जना हसली आणि बापाकडं बघून गप्प झाली.

"तेच तर. तुमच्या आठही जणांत तो वाजत नाय. इकडच्या बहुतेक माणसांत असतो, तुमच्यात नाय. हिवतापाचा किडा रक्तात शिरतो तो त्यालाच धरून. धरायला काही नसलं तर तो नेहमीचा ताप येत नाय. बाई लिहितात, असं रक्त आफ्रिकेतल्या लोकांचं असतं, तिकडं गावंच्या गावं अशी असतात. इकडं त्यांना कुठंच मिळालं नव्हतं. म्हणून विचारलंय, घरात कुणी समुद्रापलीकडून आल्याची गोष्ट हाय का."

"आमच्यात नाय," रामभाऊ म्हणाला. "ह्यांच्यात असंल. कागद ह्यांचा, बाई ह्यांची, हरजी ह्यांचा. शिरवलीचं कूळ वेगळं." मग लेकीकडं वळला. "जना, गाठोडं बांध."

"रामभाऊ," ठकूबाई म्हणाली.

"आक्के, तू माझी बहीण. तुला मी काय बोलत नाय. आम्हाला ठाऊक नव्हतं तवा दिल्या पोरी. आता ठाऊक झालं. उद्या शिरवलीत कळलं तर माझ्या धाकट्यांची लग्नं होतील काय?" आणि वाल्मिकला म्हणाला, "तू हे गावात कुणाला सांगितलंस?"

"नाय सांगितलं. पण सांगितल्यावर काय होतं ते ऐकायचं असंल तर मला विचारा. मी जन्मापासनं बघतोय."

रामभाऊनं मान फिरवली. "जना, चल म्हटलं ना."

जना जागची हलली नाही. तिनं मोकळ्या बाजूचे केस मुठीत धरले होते. "बाबा, तिकडं गेले तर हे सरळ होतील काय?"

दामू पुढं होऊन काहीतरी बोलणार होता. ठकूबाईनं हातानंच त्याला थांबवलं. ती कागदाकडं बघत होती, पण कागद पालथाच होता. तिच्या डोक्यात वाल्मिकचं एक वाक्य अडकलं होतं. आठही जणांत.

"वाल्मिक, त्या आठांत मी हाय?"

"पहिलं नाव तुमचं."

"मी तर सून. ह्या घरात सोळाव्या वर्षी आले. मला वाटायचं, सुनेला पण सोनाई आपलं म्हणते. लग्नानं बदलतं होय रक्त?"

"नाय बदलत. जन्माला येताना मिळालं ते मिळालं."

"कुणाकडनं मिळतं?"

वाल्मिकनं डोकं खाजवलं. "बाईंनी मला तीनदा समजावलं. शेवटी मी माझ्या परीनं असं धरलं. कानातल्या बाळ्या धरा. एक बाळी आई देते, एक बाप देतो. दोन्ही कानांत बाळी असंल तरच किडा शिरत नाय. एकाच कानात असली तर ताप येतो."

ठकूबाईनं नकळत कानाला हात लावला. मग बराच वेळ तिनं मनात जुळवणी केली. वर्गात बेरजेला ती जशी बोटं दुमडायची तशीच आताही दुमडत होती.

"रामभाऊ, आपली आय टेंभुर्ड्याची. एक बाळी तिची. ती तू म्हणशील तशी ह्यांच्या घरातली. पण माझ्या दोन्ही कानांत हाय म्हणतात. मग दुसरी कुणी दिली?"

रामभाऊनं पुन्हा हात खिशात घातले.

"आबांनी दिली. शिरवलीच्या. तुझ्या वेगळ्या कुळानं."

"मी रक्त दिलं नाय. माझं काय ते कुणाला ठाऊक नाय."

"मला ठाऊक हाय. लढाईच्या साली भातकापणीला सगळं गाव हिवानं पडलं होतं, आठवतं? आबा, आय, तू आणि मी. चौघं उभे होतो. दुसऱ्यांची शेतं कापली आपण. तू माझ्याहून लहान, घरोघरी तांब्या घेऊन पाणी पाजत फिरायचास. लोक म्हणाले, रामू देवाचा. तू तवा खिशात हात घातले नव्हतेस."

रामभाऊ हळूच पडवीच्या कडेला बसला. पाय अंगणात सोडून, पाठमोरा.

"मग आपल्याच दोन घरांत का?" हे जना विचारत होती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "एका बाईचं रक्त. दोन्ही कानांत येण्याएवढं कसं साठलं?"

"मामाची पोर करून करून," वाल्मिक म्हणाला. "फिरून फिरून तेच तेच. बाईंनी हेच लिवलंय. नात्यातली लग्नं झाली नसती तर चार पिढ्यांत विरून गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता."

"गोडी होती म्हणून," ठकूबाई सवयीनं म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

तेव्हा विमल बोलली. हातावरचं पीठ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, त्या ती एक एक काढत होती.

"माझं ठरलं तवा आमच्या भिसेगावात एक म्हातारी आत्ती होती. ती माझ्या बापाला म्हणाली, त्या दोन घरांशी कुणी सोयरीक करत नाय. बाप म्हणाला, का? ती म्हणाली, ते मला ठाऊक नाय, माझी आजी करू नको म्हणायची. बापानं चंदरची नोकरी बघितली आणि दिली. मी इथं कधी बोलले नाय. कशाला बोलायचं."

ठकूबाई सुनेकडं बघत राहिली. गोडी नव्हती तर. दुसरं दारच नव्हतं. बटकीच्या लेकराला पोर कोण देणार? कुणातरी एका घरानं दिली, कदाचित त्यांचंही काही उणं असेल, आणि मग दोघं एकमेकांनाच देत राहिले. कारण विसरलं, रीत राहिली. त्या रीतीनं ताप अडवला आणि तिनं त्याला सोनाईचं देणं म्हटलं. आणि त्याच रीतीच्या नावानं या पोरीला...

"विमल, तुझ्या पोरांच्या एकाच कानात बाळी. चंदरची."

"हं."

"सोनाई रुसली नव्हती."

"नाय."

"बारा वर्षं मी तुला बोलले."

"तेरा," विमल म्हणाली. "राहू द्या. भात खाली लागेल." आणि ती आत गेली. पण आत जाताना तिनं वाल्मिकला हाक मारली, "भाऊ, जेवूनच जा," आणि मग दारात थांबून सासूला विचारलं, "आई, पानं किती?"

ठकूबाई पानं मोजायला उठली. उठताना तिची नजर भावाच्या पाठीवर गेली. तो आपल्या पायांकडं बघत होता.

"रेवदंड्याहून खालापूर," रामभाऊ कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "किती पडतं रं चालत?"

"जीपनं गेलो होतो एकदा," दामू म्हणाला. "लांब हाय, मामा. चालत दोन दिवस तरी."

"मोठ्या माणसाचे दोन दिवस. अकरा वर्षांची म्हणतात ती." मग थोड्या वेळानं, "त्याआधी समुद्र."

"त्याआधी समुद्र," वाल्मिक म्हणाला.

"आणि सोनी काय तिचं नाव नसंल. आफ्रिकेत कोण सोनी ठेवतंय? आई काय म्हणत असंल तिला?"

कागदात ते नव्हतं. ठकूबाईनं कागद पुन्हा सुलटा करून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, जणू एखादी ओळ वाचायची राहिली असेल. उमर, रंग, केस, पाय, बैल. लिहिणाऱ्यानं तिला हे विचारलंच नव्हतं.

"हीव नाय लागणार म्हणून तिनं कुणाला सांगितलं नसंल," जना म्हणाली. "तिला काय ठाऊक?"

"सांगितलं पण असंल," ठकूबाई म्हणाली. "तिच्या गावात सगळेच तसे. इथं आल्यावर बघितलं असंल, माणसं हिवानं मरतायत आणि आपल्याला काय होत नाय. पोरांनाही तसंच असणार, असं कुणालाही वाटंल."

विमलनं आतून सांगितलं की वाढलंय. रोजच्या रीतीनं आधी पुरुष बसायचे, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी ते एक पान दावणीकडं जायचं. गोठ्यातला बैल एवढ्या वासानं मान वर करून उभा होता. ठकूबाईनं माजघरात पाट मांडले. भिंतीशी, मधोमध, जिथं पाहुण्याला बसवतात तिथं तिनं एक पाट जास्त मांडला आणि दावणीकडचं ते पान आज पहिलं, त्यापुढं वाढायला सांगितलं. विमलनं वाढलं. वडे, वालाचं बिरडं, भात, कडेला गूळ.

"रामभाऊ, पान वाढलंय," ठकूबाई दारातून म्हणाली. "तुला जायचं असंल तर जेवून जा. पोरीला न्यायचं असंल तर तिला विचारून ने. मी आडवी येणार नाय."

रामभाऊ उठला. सगळ्यांना वाटलं तो वहाणा घालतोय. त्यानं वहाणा पायानंच बाजूला सारल्या, रांजणाजवळ गेला आणि तांब्या भरून घेतला. मघाशी तो स्वतः ज्या पायरीवर उभा राहिला होता तिच्यापाशी येऊन वाकला आणि रिकाम्या दगडावर पाणी घातलं. बारीक धार धरून, सावकाश, एका पायाला लागतं तेवढं आणि मग दुसऱ्या पायाला लागतं तेवढं. दुखऱ्या पायावर घालतात तसं.

तांब्या रिकामा झाला.

"फाल्गुनाच्या आधीची धरा, दामूचं म्हणणं असंल तर," तो म्हणाला. आणि आत येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा दारातून बाजूला झाला. ठकूबाईनंही पदर आवरून घेतला आणि उंबरा मोकळा केला.